दुखापत बरी झाली, दुखणं राहिलं

मराठीत नुसतं ‘दुखतंय’ म्हणून कुणी थांबत नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, मानेत चमक निघते, पायांना रग लागते, तळव्यांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, तापात अंग कसकसतं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दाढेची आग होत नाही आणि तळव्यांना कळ येत नाही. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी रुग्णांच्या तोंडचे असेच शब्द गोळा केले, त्यांचे गट पाडले आणि 1975 मध्ये वेदना मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. शब्दांमागे कारण असतं, हे त्यातून वैद्यकाने मान्य केलं. आग, मुंग्या, करंट बसल्यासारखं वाटणं असे शब्द आले की डॉक्टरांना नसेचा संशय येतो. ठसठस आली की सूज किंवा पू आठवतो.

शब्द इतके असूनही दुखणाऱ्या माणसाचं ऐकून घेण्यात मात्र आपण कंजूष आहोत. आणि न ऐकण्यासाठी प्रत्येक वयाचं एक वेगळं वाक्य आपल्या घरांत तयार असतं. तान्ह्या बाळासाठी ‘त्याला काय कळतंय’. शाळकरी पोरासाठी ‘नाटकं आहेत’. वयात आलेल्या मुलीसाठी ‘बाईच्या जातीला हे असायचंच’. कर्त्या माणसासाठी ‘काम केलं की दुखणारच’. आणि म्हाताऱ्यांसाठी ‘वय झालं आता’. दीर्घकाळची वेदना समजून घ्यायची तर ही पाच वाक्यं एकेक करून तपासायला हवीत. त्याआधी वेदना मुळात चालते कशी, ते पाहू.

गावाच्या वेशीवरचा जागल्या डोळ्यांसमोर आणा. चोर दिसला की तो हाकाटी करतो, गाव जागं होतं, चोर पळतो, जागल्या शांत होतो. तव्याचा चटका बसल्यावर हात मागे जातो ते याच पद्धतीने. ठेच लागते तेव्हा निरोप दोन वाटांनी निघतो: एका प्रकारच्या चेतातंतूंतून सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने, दुसऱ्यांतून जेमतेम मीटरभर वेगाने. म्हणून आधी लखकन झणका येतो आणि मग, क्षणभराने, तो खोल रेंगाळणारा ठणका.

पण हाकाटी किती मोठी व्हायची हे जखमेच्या आकारावर ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनेवर औषध हवं का? पूर्ण शुद्धीत असलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. 1946 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या सैनिकांसाठी जखम म्हणजे रणातून जिवंत सुटका होती, असा त्यांचा अर्थ. मेंदू आलेल्या निरोपाला प्रसंगाचा अर्थ लावतो आणि मग वेदना ‘होते’. पुढे 1965 मध्ये मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते तेव्हा स्पर्शाचे निरोप ते फाटक थोडं लोटून घेतात आणि वेदनेचे निरोप कमी पोचतात. फाटक वरूनही, म्हणजे मेंदूकडूनही, लोटता येतं. भीती, जागरण, एकटेपणा ते उघडं ठेवतात.

आता मुख्य मुद्दा. चोर वारंवार आला, किंवा एकदाच येऊन फार मोठी चोरी करून गेला, तर जागल्याची सवय बिघडते. पान सळसळलं तरी तो ओरडतो. वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच अधिक चटकन चेतवल्या जाऊ लागतात. मग साधा स्पर्श दुखतो, थोडं दुखणारं फार दुखतं, आणि जिथे इजा झालीच नव्हती तिथेही दुखू लागतं. जखम भरलेली असते. जागल्या मात्र झोपत नाही.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, तिला स्वतःची जागा मिळाली. काही प्रकारांत ही वेदना म्हणजे दुसऱ्या आजाराचं लक्षण नव्हे, हीच आजार, असं त्यात मानलं आहे. कधी सांध्याला सूज असते आणि तिथून निरोप येत राहतात, कधी नसच बिघडलेली असते, कधी दोन्ही ठीक असतात आणि हाकाटीची यंत्रणाच हळवी झालेली असते. बऱ्याच जुन्या दुखण्यांत यांचं मिश्रण असतं. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ ‘दुखत नाही’ असा होत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबत स्पष्ट नोंदवलं: माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा; आणि एखाद्याला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असं ठरत नाही.

ज्याला सांगताच येत नाही, त्याच्यापासून सुरुवात करू.

‘त्याला काय कळतंय’

हे वाक्य फक्त घरातलं नाही. 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया अनेक मोठ्या रुग्णालयांतही अगदी हलक्या भुलीवर होत: स्नायू हलू नयेत असं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड. बाळाच्या नसांवरचं आवरण अपुरं असतं, म्हणून त्याला फारसं दुखत नसावं, असा समज होता. समजातली चूक साधी आहे. रेंगाळणारा ठणका नेणाऱ्या तंतूंवर मोठ्या माणसांतही ते आवरण नसतंच.

इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं फार खालावलेली असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रियेत त्यांनी एका गटाला नेहमीची भूल दिली, दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक. वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि बाळांच्या भुलीची पद्धत बदलू लागली. आता आपल्याला हेही ठाऊक आहे की वेदनेचे निरोप मेंदूकडे नेणारी वाट जन्माच्या वेळी चालू असते, पण वरून फाटक लोटणारी यंत्रणा कच्ची असते. म्हणजे बाळाला कमी कळत नाही. उलट आवर घालणारं कुणी नसतं.

काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे राहिलेल्या बाळाच्या टाचेला दिवसातून अनेकदा सुई टोचली जाते. अशा वारंवार टोचण्याचा परिणाम पुढच्या वयातल्या वेदनेच्या जाणिवेवर दिसतो. म्हणून बाळाला उघड्या छातीशी धरणं, टोचताना अंगावर पाजणं, साखरेच्या पाण्याचे थेंब देणं (हे मात्र रुग्णालयात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून) हे केवळ लाड नाहीत. लसीकरणाच्या वेळी बाळाला कुशीत धरावं, पाजत असताना टोचावं, दोन सुया असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये सांगितलं. अंगणवाडीत पोराला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा हे सोपंच आहे.

‘नाटकं आहेत’

रात्री दहाला पोटरी धरून रडणारं पोर सकाळी उड्या मारत शाळेत जातं, तेव्हा घरच्यांना संशय येतो. साधारण तीन ते बारा या वयात हे दुखणं अगदी नेहमीचं आहे. ‘वाढीचं दुखणं’ हे नाव त्याला चुकूनच पडलं. वेगाने वाढण्याच्या काळाशी त्याचा मेळ बसत नाही. दोन्ही पाय दुखतात, संध्याकाळी किंवा रात्री दुखतात, सकाळी काही नसतं, तेल लावून चोळलं की उतरतं. चोळण्याने का उतरतं, ते फाटकाने सांगितलंच. पण एकाच पायाला दुखणं, सांधा सुजणं, सकाळी उठल्यावर पाय आखडलेला असणं, लंगडणं, ताप, वजन घटणं, यांपैकी काही असेल तर चोळत बसू नये. संधिवात लहान मुलांनाही होतो.

दुसरं नेहमीचं म्हणजे पोट. सोमवारी सकाळीच दुखतं, सोनोग्राफीत काही नाही, म्हणून नाटक. आतड्यांभोवती चेतापेशींचं मोठं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. परीक्षेच्या भीतीने मोठ्या माणसाला शौचाला धावावं लागतं ते खरं असतं, तर मुलाची कळही खरी. तिचं कारण भीती असेल, इतकंच. यावर उपाय करताना आईवडिलांची दोन्हीकडून फसगत होते. एकतर दमदाटी, नाहीतर दर तासाला ‘अजून दुखतंय का रे?’ दुसऱ्या प्रकारात मुलाचं सगळं लक्ष पोटाकडेच राहतं आणि तक्रार वाढते. ‘दुखतंय हे मला कळतंय, चल, दप्तर भरू’ हे त्यापेक्षा बरं. शाळा तुटू न देणं हा या दुखण्यावरच्या उपचाराचाच भाग आहे. आणि घरातली मोठ्यांची गोळी मोडून मुलाला देऊ नये. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात 2011 पासून बंदी आहे.

इथे मला विदर्भ आणि नंदुरबारकडच्या मुलांविषयी थांबून लिहायचं आहे, कारण वेदना वयाबरोबर रूप कसं बदलते हे सिकलसेल या आजाराइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी आणि काही दलित, ओबीसी समाजांत तो आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं. उपाशी पडलेलं हाड जे दुखतं, ते या रुग्णांनी सांगावं.

सहा महिन्यांनंतरच्या बाळात पहिली खूण बहुधा हातापायांच्या सुजलेल्या पंजांची असते; बाळ कुणाला हात लावू देत नाही. शाळेच्या वयात हातपाय, पाठ, छाती यांत अचानक कळा सुरू होतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, दमणूक, एवढंच निमित्त पुरतं. दोनचार दिवसांनी कळा ओसरतात आणि मूल पुन्हा धडधाकट दिसतं. इथेच ‘नाटकं’ हा शब्द येतो. तरुणपणी मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा रक्ताअभावी झिजतो आणि मग रोज दुखणं सुरू होतं. अधूनमधून येणारी वेदना कायमची वस्तीला येते. तोवर त्या तरुणाने इतक्या वेळा दवाखान्यात इंजेक्शन मागितलेलं असतं की त्याला सवय लागली असेल, असा संशय घेतला जातो. वेदना जेवढी जुनी, तेवढा विश्वास कमी, हा उलटा हिशेब इथे फार क्रूर होतो. हायड्रॉक्सीयुरिया या रोजच्या गोळीने कळांचे झटके बऱ्याच रुग्णांत कमी होतात. 2023च्या जुलैत सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी तपासणीचा आग्रह धरला जातो. पण ज्याला आजार झालेलाच आहे, त्याला आज दुखतंय.

‘बाईच्या जातीला हे असायचंच’

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने ती छापली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. उरलेल्या गप्प होत्या, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि असायचंच असतं हे त्यांना लहानपणापासून सांगितलेलं होतं.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, गर्भाशय आकुंचन पावतं, कळा येतात. थोडं दुखणं म्हणजे आजार नाही. पण दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडत असेल, उलट्या होत असतील, साध्या गोळीने भागत नसेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, संबंधांच्या वेळी किंवा शौचाच्या वेळी दुखत असेल, तर तपासायला हवं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना तो असतो आणि निदान होईपर्यंत वर्षानुवर्षं जातात. या वर्षांची किंमत मोठी आहे. दर महिन्याला पाच दिवस ओरडणारा जागल्या हळूहळू महिनाभर ओरडायला शिकतो. मुलगी पंधरा वर्षांची असताना ऐकलं तर पस्तिसाव्या वर्षीचं बरंच दुखणं टळतं. आणि गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून ती दुखणं सुरू होतानाच घ्यावी. प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याआधी ती काम करते. असह्य होईपर्यंत थांबून घेतली की अर्धा उपयोग वाया जातो. ‘शक्यतो गोळी नको’ म्हणत कळ काढणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

अर्धशिशीही याच वयात डोकं वर काढते. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली सारखेच. नंतर स्त्रियांत तिचं प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं. एक सावधगिरी: डोकेदुखीची गोळी महिन्यातले दहा-पंधरा दिवस घेतली जाऊ लागली, की गोळीच डोकं दुखवू लागते. औषध वाढवत नेणाऱ्याला हे पटत नाही, पण ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्यावर डोकेदुखी कमी होते.

‘काम केलं की दुखणारच’

चाळिशीच्या आसपास आपल्याकडे पाठदुखीला एकच निदान मिळतं: मणक्यात गॅप आली. एकदा हा शब्द कानावर पडला की माणूस वाकत नाही, उचलत नाही, कमरेला पट्टा बांधतो, मूल कडेवर घेत नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहणाऱ्या 33 अभ्यासांचा 2015 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसत होत्या. गादी फुगलेली विशीत 30 टक्क्यांत, ऐंशीत 84 टक्क्यांत. आणि यांतल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. डोक्यावरचे केस पिकतात तशी मणक्यांतली गादी पिकते. म्हणजे स्कॅनमध्ये दिसलेली गॅप हेच तुमच्या दुखण्याचं कारण, असं नुसत्या चित्रावरून म्हणता येत नाही.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं, आधी कर्करोग झालेला असणं. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकीच्या बहुतेक पाठदुखींत अंथरुणावर पडून राहणं हा वाईट सल्ला आहे. स्नायू दुबळे होतात, भीती वाढते, आणि हललो की मोडेन ही समजूत मेंदूत पक्की बसते.

सगळ्यांत जास्त नुकसान करते ती आपली कामाची रीत. जरा बरं वाटलं की त्या दिवशी माळा झाडायचा, फराळाची सगळी भाजणी करायची, आणि पुढचे चार दिवस आडवं पडायचं. असं महिन्यातून तीनदा झालं की शरीर हळूहळू कमीच कामाची सवय लावून घेतं. याला उतारा म्हणजे कामाचं माप दुखण्यावर न ठेवता घड्याळावर ठेवणं. वीस मिनिटं उभं राहिल्यावर दुखतं? मग पंधरा मिनिटांनी बसायचं, दुखत नसलं तरी. बऱ्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशीही जमेल तितकं त्याच्या जवळपास. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. हे फार कंटाळवाणं आहे, आणि याने फरक पडतो. झोप सुधारणं, रोज चालणं, भीती घालवणारं समुपदेशन, यांचा परिणाम वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांपेक्षा टिकाऊ असतो. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं म्हणजे ‘तुमच्या डोक्यात आहे’ असं म्हटलं, असा गैरसमज नको. फाटक वरूनही लोटता येतं, म्हणून ते पाठवणं असतं.

पण ‘पंधरा मिनिटांनी बसा’ हे कुणाला सांगता येतं? बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं, पाळीच्या दिवसांतही. 2019 मध्ये राज्य सरकारने बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी करवली, तेव्हा 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पोट-कंबर दुखते, अंगावरून जातं, म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढली की सुटलीस’ असं सांगितलं गेलं. मोळीने दुखणारी कंबर पिशवी काढून थांबत नाही. सोबत अंडाशयंही काढली गेली असतील तर पाळी एकदम जाते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. दुखणाऱ्या शरीराचा अवयव काढला, दुखवणारं काम तसंच ठेवलं. दीर्घ वेदनेवर लिहिताना माझा सगळ्यात जास्त राग इथे असतो.

याच वयात मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांची आग सुरू होते, रात्री जास्त. चादरसुद्धा नको वाटते. हे नसेचं दुखणं आहे. त्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, वेगळी औषधं असतात, आणि साखर ताब्यात ठेवणं हा पाया. त्याच साखरेने खांदाही जखडतो. मागे हात नेऊन पोलक्याची बटणं लावता येईनाशी झाली, की आपल्याकडच्या बायकांना ते आधी कळतं.

‘वय झालं आता’

गुडघ्यातलं वंगण संपलं, वाटी झिजली. या वाक्यांत गाडीच्या पुर्ज्यासारखी कल्पना आहे: झिजलं ते झिजलं. पण सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, वेदनेच्या नसाच नसतात. दुखतं ते आजूबाजूचं अस्तर, हाड, स्नायूंची ओढ. म्हणून एक्स-रेमध्ये भरपूर झीज असलेले आजोबा देवळाच्या पायऱ्या चढतात आणि थोडी झीज असलेल्या आजी घरातल्या घरात हैराण असतात. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार वाटला जातो. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, दिवसातून थोडं थोडं, एवढ्यानेही सुरुवात होते. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. फार पुढे गेलेल्या सांध्यासाठी शस्त्रक्रिया आहेच, पण व्यायाम तिच्याआधीही लागतो आणि नंतरही.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मला जास्त भीती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची वाटते. सूज उतरवणारी वेदनाशामकं रोज घेतली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब चढतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या जोडीला ती मूत्रपिंडावर घाला घालतात. बिननावाच्या वाताच्या पुड्यांत तर कधी कधी स्टेरॉइड निघतं. म्हणूनच त्या चार दिवसांत जादू करतात.

विसराळूपण वाढलेल्या माणसाची वेदना पुन्हा तान्ह्या बाळासारखी होते. सांगता येत नाही. अंघोळीच्या वेळी आजोबा हात झिडकारतात, शिव्या देतात. घरचे म्हणतात स्वभाव बिघडला. कदाचित खांदा दुखत असतो. अशा रुग्णांसाठी 2003 मध्ये एक मोजपट्टी तयार झाली. श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. घरच्या माणसालाही हे पाहता येतं, आणि डॉक्टरांना सांगता येतं.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली वेदना हा वेगळा लेख होईल. इतकंच लिहितो की तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं वेदनाशामक, स्वस्त आणि प्रभावी आहे. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणं अवघड झालं होतं, 2014च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी केली. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन अशा रुग्णांची शुश्रूषा करतं. मॉर्फिन म्हणजे आशा सोडली, या समजापायी माणसं शेवटचे महिने तळमळत काढतात.

राहिली नागीण. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी दडून बसतो आणि पन्नास-साठ वर्षांनी, प्रतिकारशक्ती उतरली की, एका नसेच्या वाटेने अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठवतो. तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती खरी नाही. खरी घाई वेगळी आहे: फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता आपल्याकडे मिळते.

माझ्या आजीच्या वेळी ही घाई कुणी केली नाही. लेप लावले, मंत्र घातला, फोड वाळले, आणि सगळे म्हणाले नागीण गेली. तिच्या बरगडीखालची आग गेली नाही. वर्षभर ती वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिली. दवाखान्यात ‘दुखतं का?’ विचारलं की ती ‘हो’ म्हणायची आणि ‘किती?’ विचारलं की ‘आहे थोडं’ म्हणायची, कारण वय झालं आता हे तिलाही पटलेलं होतं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, ‘आजी, कसं दुखतं?’ आजी जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘पदर लागला तरी जळतं गं बाई.’ त्यांनी आधीच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि नसेच्या दुखण्याची एक छोटी गोळी रात्रीसाठी लिहून दिली, अगदी कमी मात्रेत, तोल जातो का ते पाहायला सांगून. पहिले दहा दिवस काही फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे आम्ही उठलो तेव्हा आजी अजून झोपलेली होती, अंगावर शाल पांघरून.